पासिंग, पुस्तक आणि पत्रा: जुन्या मोटारीच्या पारखेचा इतिहास

वापरलेल्या मोटारीची किंमत तिच्या आजच्या रूपापेक्षा तिच्या मागच्या आयुष्यावर अधिक अवलंबून असते, आणि ते आयुष्य विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमके याच बाजाराचे उदाहरण घेतले होते. माल चांगला की वाईट हे घेणाऱ्याला कळत नसेल तर तो सरासरी मालाचीच किंमत देऊ करतो, त्या किमतीला आपली चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, आणि क्रमाक्रमाने बाजारात निकृष्ट मालच उरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. या कामाबद्दल २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. मोटारीचा गतकाळ घेणाऱ्यापर्यंत कसा पोहोचवावा, या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली. महाराष्ट्रात घडत गेलेल्या उत्तराचे वैशिष्ट्य असे की सरकारी दप्तराने मोटारीचा मालक आणि तिचा कर काळजीपूर्वक नोंदवला, परंतु यंत्राची स्थिती नियमितपणे तपासली ती केवळ भाड्याने चालणाऱ्या गाड्यांची. खासगी मोटारीच्या स्थितीचा निवाडा दीर्घकाळ मिस्त्रीच्या डोळ्यांवर आणि कानांवर सोपवलेला राहिला. ही विभागणी कशी झाली आणि संगणकाच्या काळातही ती कितपत टिकून आहे, हे पाहण्यासाठी वसाहतकालीन कायद्यांपासून सुरुवात करावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आलेली मोटार ही संस्थानिक, गिरणीमालक आणि बड्या अधिकाऱ्यांच्या चैनीची वस्तू होती, आणि तिच्यासंबंधीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये झाला तेव्हा सरकारपुढे दोनच प्रश्न होते: अपघात झाल्यास गाडी कोणाची हे कसे ओळखावे, आणि ती चालवणारा माणूस त्या कामास योग्य आहे की नाही. त्यामुळे नोंदणी आणि चालकाचा परवाना हे या कायद्याचे दोन खांब ठरले. पुढे जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे परदेशातून आणलेल्या भागांची जुळणी करून मोटारी आणि ट्रक तयार करण्यास आरंभ केला, रस्त्यावरच्या वाहनांची संख्या वाढली, आणि प्रवासी व माल वाहून नेण्याचा धंदा उभा राहिल्यावर १९३९ चा अधिक विस्तृत मोटार वाहन कायदा आला. या कायद्याने भाड्याने किंवा धंद्यासाठी चालणाऱ्या वाहनांचा ‘परिवहन वाहन’ हा वर्ग खासगी मोटारीपासून वेगळा काढला आणि त्या वर्गासाठी परवान्याबरोबर योग्यता प्रमाणपत्र आवश्यक केले. ठरावीक काळाने वाहन अधिकाऱ्यासमोर उभे करून ब्रेक, दिवे, स्टिअरिंग आणि सांगाडा तपासून घेण्याच्या या विधीला मराठी बोलण्यात ‘पासिंग’ म्हणतात. खासगी मोटारीला पासिंगचे असे वार्षिक बंधन नव्हते, कारण स्वतःच्या गाडीत बसणाऱ्याने आपली काळजी आपण घ्यावी आणि तिच्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईची सोय असावी, अशी त्या काळची भूमिका होती; तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या वाहनामुळे इतरांना होणाऱ्या हानीचा विमा, १९४६ पासून सक्तीचा झाला तो याच विचारातून.

या व्यवस्थेतून मालकाच्या हाती आली ती दोन कागदपत्रे, ज्यांना मुंबई-पुण्याच्या बाजारात एका दमात ‘आरसी-टीसी’ म्हटले जाई. आरसी म्हणजे नोंदणीचे पुस्तक. त्यात मालकाचे नाव, गाडीची बनावट, उत्पादनाचे वर्ष, सांगाड्यावर ठोकलेला चेसिस क्रमांक, इंजिनवर ठोकलेला इंजिन क्रमांक आणि कर्जाचा बोजा यांच्या नोंदी असत. टीसी म्हणजे कर भरल्याचे प्रमाणपत्र. मुंबई मोटार वाहन कर अधिनियम १९५८ मध्ये झाल्यानंतर राज्याच्या महसुलाच्या दृष्टीने टीसीच्या पुस्तकालाच महत्त्व होते. गाडी किती हात फिरली, मध्ये किती काळ कर थकला, कोणत्या शहरातून कोणत्या शहरात नाव बदलून गेली, एवढे या पुस्तकांच्या शिक्क्यांवरून जाणकाराला वाचता येई, परंतु गाडी किती किलोमीटर धावली, तिचे इंजिन किती वेळा उघडले गेले किंवा तिला अपघात झाला होता काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांत नसे.

स्वातंत्र्यानंतरच्या आर्थिक धोरणाने या उणिवेला वेगळेच वळण दिले. देशात प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी केवळ जुळणी करू नये, असे धोरण १९५३ मध्ये ठरल्यावर जनरल मोटर्सने आणि फोर्डने येथील काम आवरते घेतले, आणि प्रवासी मोटारींचे क्षेत्र मुख्यतः तीन कंपन्यांकडे राहिले: सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट मोटारी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स, अॅम्बॅसडर बनवणारी बंगालमधील हिंदुस्थान मोटर्स, आणि मद्रासची स्टँडर्ड मोटर. उत्पादन मर्यादित, किमतींवर सरकारी नियंत्रण आणि मागणी मोठी असल्यामुळे नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि ज्याला थांबणे शक्य नसे तो जवळजवळ नवी गाडी अधिकृत किमतीहून जास्त पैसे देऊन घेई. या वरच्या रकमेला मुंबईच्या बाजारात ‘ऑन’ म्हणत. अॅकरलॉफ यांच्या बाजारात शंकेमुळे वापरलेल्या गाडीची किंमत पडते, तर येथे टंचाईमुळे ती टिकून राही, आणि म्हणून चांगली गाडी बाजाराबाहेर जाण्याचा धोका कमी असला तरी घेणाऱ्याला घासाघीस करण्यास फारसा वाव नसे.

टंचाईचा दुसरा परिणाम दुरुस्तीच्या संस्कृतीवर झाला. एकच बनावट दशकानुदशके फारसा बदल न होता तयार होत राहिल्याने तिचे सुटे भाग सर्वत्र मिळत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील भंगाराच्या आणि जुन्या भागांच्या दुकानांपासून मटण स्ट्रीटच्या चोर बाजारापर्यंत एक मोठी उपबाजारपेठ त्यांवर चाले, आणि झिजलेल्या इंजिनाचे सिलिंडर कातून मोठे करणे व त्यांत वाढीव मापाचे पिस्टन बसवणे, ज्याला मिस्त्री ‘बोअर करणे’ म्हणतात, हे गल्लीतल्या लेथवर होणारे काम होते. भरवशाची गाडी म्हणजे न बिघडणारी गाडी, असा अर्थ या काळात रूढ होऊ शकला नाही. जिचा बिघाड कोणत्याही गावच्या मिस्त्रीला काढता येईल आणि जिचा भाग एसटी स्टँडजवळच्या दुकानात मिळेल ती गाडी भरवशाची, असे गणित होते. याची उलट बाजू गोव्यात दिसे. पोर्तुगीज अमलाखाली आयातीवर भारतासारखे निर्बंध नसल्यामुळे तेथे युरोपीय मोटारी आलेल्या होत्या, आणि १९६१ नंतर तोच प्रदेश भारताच्या आयातबंदीखाली आल्यावर या गाड्या यंत्र म्हणून उत्तम असूनही सुट्या भागांअभावी सांभाळण्यास कठीण झाल्या.

या काळातील मोठा विरोधाभास मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत दिसतो. सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालेली कुर्ल्याची फियाट एकाच कारखान्यातून निघून एक टॅक्सी म्हणून आणि एक खासगी गाडी म्हणून नोंदली गेली, तर पहिलीला पासिंगसाठी ठरावीक काळाने परिवहन कार्यालयात जावे लागे, आणि दुसरी मात्र निरीक्षकासमोर पुन्हा उभी न राहता वर्षानुवर्षे चालू शके. बाजारात मात्र खासगी गाडीलाच अधिक मान होता, आणि तो अकारण नव्हता, कारण टॅक्सी दिवसरात्र आळीपाळीच्या चालकांच्या हाती धावे, तर खासगी गाडीचा वापर बेताचा असे. पासिंगच्या दर्जाविषयीही शंका होत्या. मर्यादित साधनांनी, कार्यालयाच्या आवारात आणि दलालांच्या गर्दीत होणारी ही तपासणी पुष्कळदा नजरेनेच होई. पुढे मुंबई उच्च न्यायालयात याविषयी जनहित याचिका चालली आणि ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटर लांबीचा चाचणी मार्ग परिवहन कार्यालयांना आवश्यक ठरवावा लागला, यावरूनच आधीच्या स्थितीची कल्पना येते. ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पुरी करून ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली.

खासगी मोटारीची तपासणी करणारा खरा अधिकारी होता तो मिस्त्री, आणि त्याच्या पद्धतीत एक पक्का क्रम होता. प्रथम पत्रा पाहिला जाई, कारण फियाट आणि अॅम्बॅसडर या दोन्ही गाड्यांत वेगळी चौकट नसून पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तळाचा पत्रा व दारांखालची पट्टी गंजली तर रंग कितीही चकचकीत असला तरी गाडीची ताकद गेलेली असते. पत्र्यावर लोहचुंबक फिरवला की जेथे तो चिकटत नाही तेथे ठोकर लागून पुट्टी भरलेली आहे, हे कळे. दार आणि बॉनेट यांच्या कडांमधील फट दोन्ही बाजूंना सारखी नसेल, बोल्टांवरचा रंग उडालेला असेल किंवा कारखान्यात मारलेले वेल्डिंगचे गोल ठसे, ज्यांना आजही ‘पंच’ म्हणतात, कोठे नाहीसे झाले असतील, तर अपघाताचा संशय पक्का होई. त्यानंतर इंजिन. धुराचा रंग निळसर असेल तर ऑइल जळते आहे, काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे, असे निदान होई. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडल्यावर तेथून वाफेसारखा दाब बाहेर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची ती खूण असे आणि तिला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणत. किलोमीटरच्या मीटरवर मिस्त्रीचा विश्वास कधीच नव्हता. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येई, त्याची केबल काढून ठेवता येई आणि आकडे मागे फिरवून देणारे कारागीरही मिळत, म्हणून पेडलांवरचे रबर, स्टिअरिंगची झिलई आणि चालकाच्या आसनाचा खोलगटपणा यांवरून तो वापराचा अंदाज बांधी.

याच दशकांत ब्रिटनने वेगळा मार्ग धरला होता. १९५६ च्या कायद्याने दिलेल्या अधिकाराखाली, अर्नेस्ट मार्पल्स परिवहनमंत्री असताना, सप्टेंबर १९६० पासून दहा वर्षांहून जुन्या मोटारींचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग दरवर्षी तपासणे सक्तीचे झाले. मंत्रालयाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून एमओटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत नापास होणाऱ्या गाड्यांचे प्रमाण इतके मोठे निघाले की पुढच्याच वर्षी वयाची अट सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणावी लागली. पुढे टायर आणि धूर यांचाही तपासणीत समावेश झाला. या चाचणीचा हेतू रस्त्यावरची सुरक्षितता हाच होता, जुन्या गाडीचा ग्राहक कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता, परंतु २००५-०६ च्या सुमारास चाचणीच्या नोंदी संगणकावर एकत्र होऊ लागल्यावर तिचा दुसरा उपयोग समोर आला. गाडीचा क्रमांक दिला की ती कोणत्या वर्षी पास झाली, कोणत्या दोषामुळे नापास झाली, कोणत्या भागाविषयी तपासनिसाने आगाऊ सूचना दिली आणि त्या दिवशी मीटरवर किती अंतर होते, हे आज कोणालाही विनामूल्य पाहता येते. एका वर्षीचा आकडा आधीच्या वर्षाहून कमी निघाला तर मीटरशी खेळ झाल्याचे आपोआप उघड होते. जर्मनीत १९५१ पासून अशी नियतकालिक तपासणी सक्तीची आहे, आणि जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी व नंतर दर दोन वर्षांनी करावी लागते. अर्थात या सर्व चाचण्या त्या दिवशीची स्थितीच सांगतात, आणि इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची आतली झीज त्यांच्या कक्षेत फारशी येत नाही. त्यांचे खरे मोल आहे ते एकाच गाडीच्या अनेक वर्षांच्या नोंदी सलग वाचता येण्यात.

भारतात १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, १९९३ मध्ये प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरील परवाना पद्धत उठली आणि टंचाईचा बाजार हळूहळू मुबलकतेचा झाला. दरम्यान १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याने खासगी वाहनाच्या नोंदणीला पंधरा वर्षांची मुदत घातली आणि त्यानंतर गाडी तपासून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करण्याची तरतूद केली. त्याच सुमाराच्या केंद्रीय नियमांनी धुराची मर्यादा ठरवून ‘पीयूसी’ प्रमाणपत्र आवश्यक केले. नोंदणीनंतर एक वर्षाने ते लागू होते आणि ठरावीक मुदतीने नवे घ्यावे लागते. म्हणजे पंधरा वर्षांच्या आत खासगी गाडीवर नियमाने होणारी तांत्रिक परीक्षा ती केवळ धुराची, आणि पीयूसीचा कागद समोर असला तरी ब्रेक, सस्पेन्शन किंवा पत्रा यांविषयी तो काहीही बोलत नाही.

मालकीच्या नोंदीतही या काळात एक मोठी फट होती. नाव बदलण्याचे अर्ज, जे आज नमुना २९ आणि ३० म्हणून ओळखले जातात, विकणाऱ्याकडून कोरे सही करून घ्यायचे आणि गाडी दलालाकडून दलालाकडे तशीच फिरत ठेवायची, ही प्रथा सर्रास होती. त्यामुळे पुस्तकावर पहिल्याच मालकाचे नाव राही आणि चार हात फिरलेली गाडी ‘फर्स्ट ओनर’ म्हणून विकली जाई. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केल्यावर या सवयीतला धोका विकणाऱ्यांच्याही ध्यानी आला. कागदाच्या मर्यादेचे आणखी एक दर्शन २६ जुलै २००५ च्या महापुराने घडवले. सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या उपनगरांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी बुडालेली गाडी धुऊन, वाळवून विकायला काढली तर आरसीवर त्याचे चिन्हही उमटत नाही. आसनांच्या बोल्टांवरचा गंज, गालिच्याखालचा गाळ, दिव्यांच्या काचेआडची ओल आणि विजेच्या जोडण्यांवरचा हिरवट गंज हेच तिचे पुरावे, आणि त्यांना पर्यायी पुरावा असू शकतो तो विम्याच्या दाव्याच्या नोंदीचा.

एकविसाव्या शतकात विखुरलेली पुस्तके ‘वाहन’ या राष्ट्रीय संगणकीय नोंदवहीत आली. गाडीच्या क्रमांकावरून ती कितव्या मालकाकडे आहे, नोंदणी, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत वैध आहेत, कर्जाचा बोजा आहे काय, हे पाहता येऊ लागले, आणि सतरा अक्षर-अंकांचा चेसिस क्रमांक पत्र्यावरच्या ठशाशी ताडून चोरीच्या गाड्या ओळखणे सोपे झाले. २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आले, ज्यांत ब्रेक, दिवे आणि धूर यांची मापे निरीक्षकाच्या नजरेऐवजी यंत्राने घ्यायची आहेत. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. आणि एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाकडून अधिकृत मान्यता घेणे व गाडी ताब्यात आल्याची सूचना देणे बंधनकारक होऊन कोऱ्या अर्जांची प्रथा मोडण्याचा प्रयत्न झाला. गाडीच्या स्थितीचा वृत्तान्त मात्र अजूनही वेगवेगळ्या ठिकाणी आहे: किलोमीटरचे आकडे अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या दप्तरात, अपघात विमा कंपनीकडे, यंत्रातील दोषांचे संकेत गाडीच्याच संगणकात, जे स्कॅनर जोडून वाचता येतात, आणि उरलेले पत्र्यावर. जाणता ग्राहक यांपैकी कोणा एकावर विसंबत नाही. सर्व्हिसच्या नोंदींतील आकडा मीटरशी, विम्याच्या हप्त्यातील दावा-नसल्याची सवलत विकणाऱ्याच्या ‘एकही ठोकर नाही’ या बोलण्याशी, आणि आरसीवरील उत्पादनाचे वर्ष काचा व पट्ट्यांवरच्या तारखांशी तो ताडून पाहतो, आणि जेथे दोन पुरावे जुळत नाहीत तेथे मिस्त्रीला थांबायला सांगतो.

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. महाराष्ट्रात आणि देशात मोटारीची सरकारी तपासणी गाडीला रस्त्यावर राहू द्यावे की नाही हे ठरवण्यासाठी घडली. ती गाडी कोणी विकत घ्यावी काय, हे कळवण्यासाठी ही तपासणी घडली नाही. ब्रिटनमध्येही आरंभीचा हेतू हाच होता, परंतु तेथे तपासणी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी होते, म्हणून नोंदी साचत गेल्या आणि त्या खुल्या झाल्यावर ग्राहकाच्या कामी आल्या. येथे खासगी गाडीची पहिली पूर्ण तपासणी पंधराव्या वर्षी होते, आणि तोवर बहुतेक गाड्यांची खरेदी-विक्री होऊन गेलेली असते. चाचणी केंद्रांची यंत्रे कितीही अचूक झाली तरी ती एवढ्या उशिरा वापरली जाणार असतील, तर सात किंवा दहा वर्षांची गाडी घेणाऱ्याला त्यांचा लाभ नाही. त्याच्यासाठी तपासणी यंत्राने होते की नजरेने, यापेक्षा ती किती लवकर सुरू होते आणि तिची नोंद कोणाला वाचता येते, हे प्रश्न अधिक निर्णायक आहेत.